जनरल स्टडीज

बाबांच्या पंचाहत्तरीला गिरीश आणि त्याची बायको व्हर्लीन येणार की नाही, यावर फिनिक्सजवळच्या चँडलर गावी केदार आणि सुवर्णाच्या घरात तीन आठवडे काथ्याकूट चालला होता. बाबांनी कुणाकडे राहायचं यावरून मागच्या दिवाळीत दोघा भावांचं वाजलं, तेव्हापासून गिरीशनं या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. पण मार्चमधल्या त्या शनिवारी साडेदहाला त्यांचा धुळीनं माखलेला पिकअप दारात उभा राहिला आणि सुवर्णाला हायसं वाटलं. चिन्ली नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात, म्हणजे इथल्या भाषेत रिझर्व्हेशनवर; तिथून इथवर साडेपाच तास लागतात. पहाटे पाचलाच निघाले असणार.

आधी त्यांची मुलगी अनया उतरली. अठरा वर्षांची, सडपातळ, नाक तेवढं दिघ्यांचं आणि बाकी सगळी आईवर गेलेली. नाव आजोबांनी ठेवलेलं, कूळ आईचं. नवाहो लोकांत मूल आईच्या कुळात जन्मतं. व्हर्लीनचं कूळ कडू पाण्याचं, म्हणून अनयाही कडू पाण्याची. गिरीशचं लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी केदारला भावाच्या सासरच्या या गोष्टी पचल्या नव्हत्या. त्याला व्हर्लीनचं शाळेची बस चालवणंही पचलं नव्हतं. चारचौघांत तो "माझी भावजय ट्रान्सपोर्टमध्ये आहे" असं सांगायचा.

अनयावर मात्र त्याचा जीव होता, हे सुवर्णालाही मान्य करावं लागे. तिचे धावायचे बूट तोच आणायचा. फिनिक्सला शर्यत असली की तिला मैदानावर तोच सोडायचा. गिरीशचं घर कच्च्या रस्त्यानं वीस मैल आत, तिथं फोनची तार गेलेली नव्हती आणि मोबाइलला रेंज हवी तर गाडी टेकाडावर न्यावी लागे. म्हणून कॉलेजांच्या सगळ्या फॉर्मांवर चँडलरच्या घरचा नंबर दिलेला होता. कोचेसचे फोन यायचे ते केदारला. तो त्यांच्याशी तासतास बोलायचा आणि फोन ठेवल्यावर त्याची मान जरा ताठ व्हायची.

नोव्हेंबरात राज्यातल्या शाळांच्या क्रॉस कंट्रीच्या शर्यती झाल्या तेव्हा सुवर्णाही बघायला गेली होती. गवतावरून आणि खडीवरून तीन मैल, शे-दीडशे मुली. अर्ध्यापर्यंत अनया दहा-बारा जणींच्या मागं होती. मग टेकडी लागली. एखाद्याला हाक ऐकू यावी आणि उशीर झालाय हे कळावं, तशी ती निघाली. चेहऱ्यावर कसला आव नाही, दात-ओठ खाणं नाही, एकेक मुलगी मागं पडत गेली. रेषेपाशी ती एकटी होती.

परतताना गाडीत ती पुढं सुवर्णाशेजारी बसली होती. पुढं काय करायचं, असं सुवर्णानं विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, धावायचं आणि सिव्हिल इंजिनिअर व्हायचं. तिची आईकडची आजी, जिला ती शिमासानी म्हणते, अठ्ठ्याहत्तरीची बाई, अजून पिंपं भरून पाणी आणते. घराजवळ पवनचक्कीची विहीर आहे, मेंढ्या पूर्वी तिथं प्यायच्या. तपासणीत त्या पाण्यात युरेनियम निघालं आणि विहीर बंद झाली.

"पाटी लावायला माणूस आला, काकू," अनया म्हणाली होती. "पाइप टाकायला कुणीच आलं नाही. कुणीतरी ते शिकायला हवं ना?"

हे ती अशा सुरात म्हणाली होती, जसं घरात मीठ संपलंय, कुणीतरी आणायला हवं.

डिसेंबरात कोलोरॅडोमधल्या एका युनिव्हर्सिटीचं बोलावणं आलं. पूर्ण शिष्यवृत्ती, त्यांच्या टीममध्ये जागा आणि इंजिनिअरिंगचा विभाग. अनयानं दुसरीकडची तीन पत्रं बाजूला ठेवली. शिमासानीनं मेंढी कापून सगळ्या वस्तीला जेवू घातलं. करारनामा चँडलरच्या पत्त्यावर कुरियरनं आला तेव्हा केदारनं ठरवून टाकलं की बाबांची पंचाहत्तरी आणि अनयाची सही एकाच दिवशी करायची, जेवणानंतर, सगळ्यांसमोर.

म्हणून त्या दिवशी घर भरलं होतं. मराठी मंडळातली आठ-दहा कुटुंबं, त्यांत निम्म्याहून जास्त केदारच्याच कंपनीतले इंजिनिअर. बाबा नव्या कुडत्यात कोचावर बसून प्रत्येकाचा नमस्कार घेत होते. इशिता, सुवर्णाची मुलगी, अनयाच्याच वयाची, कॅमेरा गळ्यात घालून फिरत होती. दोनच दिवसांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या जिथं तिला जायचं होतं त्या युनिव्हर्सिटीचं नकाराचं पत्र आलं होतं. ती रडून मोकळी झाली होती. केदार झाला नव्हता.

पानं मांडताना रवींद्रनं अनयाला गाठलं. रवींद्र केदारचा जुना मित्र, मंडळाचा खजिनदार, मोठ्यानं बोलणारा. त्यानं तिचं अभिनंदन केलं, मग केदारकडे वळून मराठीत म्हणाला, "काय यार, रिझर्व्हेशन इथंही आपला पिच्छा सोडत नाही. आपल्या इशिता बसतात दारात, आणि..." त्यानं हातानं विमान उडाल्याची खूण केली. तीन-चार जण हसले.

अनयाला मराठी समजायचं ते तुटक. तिला त्यातला एकच शब्द लागला. तिला वाटलं, काका घराबद्दल विचारताहेत.

"हो, रिझर्व्हेशनवरून," ती हसून इंग्रजीत म्हणाली. "चिन्लीहून. तुम्ही आला आहात का कधी?"

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. केदारही हसला. सुवर्णाच्या हातात वरणाचं पातेलं होतं. पाच वर्षांच्या मुलाला कळणार नाही असं बोलून हसावं तसे सगळे त्या मुलीला हसले होते आणि तिला ते कळलंही नव्हतं, आणि आपण तिची काकू म्हणवतो. ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. याची तिला पुढं फार दिवस लाज वाटत राहिली.

तिथंच फोन वाजला. कोलोरॅडोहून साहाय्यक कोच बोलत होत्या. बाई मोठ्या उत्साहात होत्या. आज सही होणार ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सुवर्णानं सांगितलं की तासाभरात होईल. मग बाई म्हणाल्या की मिस्टर दिघ्यांचे आभार माना, त्यांनी फारच समजूतदारपणा दाखवला. आम्ही तिला जनरल स्टडीजला घातलंय, सगळे वर्ग सकाळचे, दुपार प्रॅक्टिसला मोकळी. सुवर्णाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, पण ती इंजिनिअरिंगला येतेय. बाई हसल्या. ते मागच्या महिन्यातच ठरलं, अंकलनी ईमेलनं कळवलंय. इंजिनिअरिंगच्या लॅब दुपारी असतात, ते जमत नाही. आणि खरं सांगायचं तर रिझर्व्हेशनवरची मुलं दुसऱ्या वर्षी गळतात, म्हणून आम्ही त्यांना हलकंच देतो, त्यांच्याच भल्यासाठी. तिला सही झाल्यावर सावकाश सांगा, असं अंकल म्हणाले होते.

सुवर्णानं फोन ठेवला. मग केदारला हाक मारून गॅरेजमध्ये नेलं.

त्यानं काहीच नाकारलं नाही, हेच तिला सगळ्यात झोंबलं. तो समजावू लागला, जसा तो ऑफिसात नव्या पोरांना समजावतो. पूर्ण शिष्यवृत्ती हातची जाऊ द्यायची का? कोचनं स्पष्ट सांगितलं होतं की एकतर टीम, नाहीतर लॅब. चिन्लीच्या शाळेतली पहिली आलेली मुलगी कोलोरॅडोत कॅल्क्युलसच्या पहिल्याच परीक्षेत तोंडावर पडेल, मग ना धावणं ना डिग्री. जनरल स्टडीजमध्ये चार वर्षं निभावतील. डिग्री ती डिग्री.

"तिला विचारलंस?"

"तिनं हट्ट केला असता."

"मग करू द्यायचा होतास."

"सुवर्णा, मी लहानपणी सहा वर्षं रिझर्व्हेशनवरच्या शाळेत काढलीत. तू नाही काढलीस. मला माहितेय तिथली पोरं किती टिकतात." मग त्यानं आवाज उतरवला. "आज बाबांचा दिवस आहे. सही होऊ दे. नंतर मी बोलतो तिच्याशी."

आणि सुवर्णा गप्प राहिली. हे नंतर ती कुणापासून लपवत नसे. ती बाहेर आली, तिनं श्रीखंड वाढलं, बाबांना औक्षण केलं, फोटोसाठी केदारशेजारी उभी राहिली. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की एवढा संताप येऊनही हात वाढतच राहिले. व्हर्लीननं निळ्या मक्याचा पाव आणला होता. तो कुणी घेत नव्हतं. व्हर्लीन तो पुन्हा झाकून ठेवताना सुवर्णाला दिसली.

जेवणं झाली. टेबल पुसून त्यावर करारनामा ठेवला गेला. केदारनं चार शब्द बोलून घेतले, दिघ्यांच्या घराण्यातली पहिली खेळाडू वगैरे. पालक म्हणून गिरीशनं आधी सही केली. तो चिन्लीच्या शाळेत गणित शिकवतो, कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवणारा माणूस नाही. पण त्यानं पान उलटलं नाही, सही केली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मग अनयानं पेन घेतलं. इशितानं कॅमेरा वर केला.

"अनया, थांब," सुवर्णा म्हणाली. "सही करू नकोस."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोली शांत झाली. तिनं इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं, फोनवर ऐकलेलं सांगितलं. इंजिनिअरिंग नाही, जनरल स्टडीज. मागच्याच महिन्यात ठरलंय. रिझर्व्हेशनवरची मुलं गळतात म्हणून हलकं दिलंय, आणि सही झाल्यावर तुला सावकाश सांगायचं होतं. तिनं एकही शब्द गाळला नाही.

अनयानं पेनचं टोपण लावलं. केदारकडे बघून तिनं विचारलं की हे खरं आहे का. केदारनं गॅरेजमधलंच सगळं पुन्हा, जरा गोड करून सांगितलं. ती ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली,

"जनरल स्टडीज म्हणजे काय शिकवतात, काका?"

केदार घुटमळला. सगळं थोडं थोडं, असं काहीतरी म्हणाला. तिनं मग खोलीभर नजर फिरवली. तिथं दहा-बारा इंजिनिअर बसले होते, आपल्या मुलांनी काय शिकावं यावर वर्षभर वाद घालणारे. एकालाही सांगता येईना.

"तुम्ही इशिताला तिथं घातलं असतं?" अनयानं विचारलं.

या प्रश्नाला उत्तर आलं ते इशिताकडून. ती कॅमेरा गळ्यातून काढत म्हणाली, "डॅड, एसएटीच्या मॅथ्समध्ये तिला माझ्यापेक्षा चाळीस पॉइंट जास्त आहेत. यू न्यू दॅट. मी तुला सांगितलं होतं." हे केदारनं घरात कधी काढलं नव्हतं. सुवर्णालाही ते तेव्हाच कळलं.

रवींद्रला वाटलं की आपण मध्ये पडून सावरून घ्यावं. तो म्हणाला की एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, कोट्यातून का होईना, पूर्ण शिष्यवृत्ती मिळतेय तर मुलीनं घ्यावी.

बाबांनी हे ऐकलं. डॉक्टर प्रल्हाद दिघे, चार-दोन वाक्यांवर दिवस काढणारा माणूस. ते कोचावरून उठले, आणि उठायला त्यांना वेळ लागला म्हणून सगळे थांबले.

"रवींद्र, मला या देशात कसं घेतलं ते तुला ठाऊक आहे?" ते म्हणाले. "बहात्तर साली रिझर्व्हेशनवरच्या मिशनच्या हॉस्पिटलला डॉक्टर मिळत नव्हता. इथले तीन जण येऊन, धूळ बघून परत गेले होते. मी गेलो, कारण मला दुसरं कुणी बोलावलं नव्हतं. माझे मार्क कुणी विचारले नाहीत. तिथल्या लोकांनी मला पोसलं. केदारचं शिक्षण त्यावर झालं, हे घर त्यावर उभं आहे. रिझर्व्हेशनचा फायदा कुणी घेतला असेल तर तो आम्ही दिघ्यांनी घेतलाय. या मुलीनं नाही."

"बाबा, तिथल्या शाळेत मी सहा वर्षं मार खाल्लाय," केदार म्हणाला. त्याचा आवाज फाटला. सुवर्णानं हे वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि क्षणभर तिला त्याची कणव आली.

"माहीत आहे. रात्री तुझ्या पाठीला मीच मलम लावायचो. पण तो मार तू हिच्यावर काढतोयस."

केदारचा चेहरा लाल झाला. आता आपण एकटे पडलो हे त्याला दिसत होतं, आणि एकटा पडलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. तो म्हणाला, "मी काही एकट्यानं ठरवलं नाही. गिरीशला विचारलं होतं."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. व्हर्लीन तोवर भिंतीशी हाताची घडी घालून उभी होती. मघाचं मराठी तिला कळलं नसेल, पण नवऱ्याचं नाव आणि त्याचा चेहरा तिला कळला.

"तुला माहीत होतं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

गिरीश म्हणाला की त्याला वाटलं, एक वर्ष गेल्यावर विषय बदलून घेता येईल. एकदा आत शिरली की झालं. केदारनं फोन केला तेव्हा तो शाळेत होता, घाईत होता.

"मी कुठे होते?"

"तू बसवर होतीस."

व्हर्लीननं मान हलवली. ती रोज त्या कच्च्या रस्त्यांवरून साठ मुलांना शाळेत आणते आणि परत पोचवते, बर्फात, चिखलात, आणि त्यातलं एकही मूल कधी मध्येच उतरवून दिलेलं नाही. हे तिनं बोलून दाखवलं नाही, सुवर्णाच्याच मनात आलं. व्हर्लीन एवढंच म्हणाली की आमच्याकडे मुलीचं काही ठरवायचं तर आधी तिच्या आईच्या दारात यावं लागतं. तुम्ही दोघे भाऊ माझ्या दारावरून पुढं गेलात.

अनयानं फोन मागितला. स्वयंपाकघरातल्या फोनवरून तिनं कोलोरॅडोचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. सुवर्णा तिच्या शेजारी उभी राहिली, बाकीचे दारात. बाई आधी खूप आनंदल्या. मग अनयानं सांगितलं की तिला पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंग हवं आहे, लॅबच्या दिवशी ती पहाटे एकटी धावेल, वेळ कमी पडणार नाही. बाईंचा सूर बदलला. टीम एकत्र सराव करते, एका मुलीसाठी वेळ बदलता येत नाही. शिवाय आपण वास्तव बघायला हवं. तुझ्यासारख्या मुली आम्ही पाहिल्यात, त्यांना काय झेपतं ते आम्हाला माहीत आहे.

"माझ्यासारख्या किती जणी तुमच्याकडे धावल्या?" अनयानं विचारलं.

बाईंनी आठवून सांगितलं, आठ-नऊ असतील.

"आणि डिग्री घेऊन किती बाहेर पडल्या?"

मग बाई म्हणाल्या की ते बघावं लागेल, आत्ता समोर आकडा नाही.

"बघून ठेवा," अनया म्हणाली. "पुढची मुलगी विचारेल. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या." तिनं फोन आपटला नाही, जागेवर ठेवला.

मग मात्र ती ओट्याला टेकली. सुवर्णानं तिचे हात आपल्या हातात घेतले. इतका वेळ त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं, पण रडण्यापेक्षा त्यात राग जास्त होता. शिमासानीनं मेंढी कापली होती, ती म्हणाली. तिनं सगळ्यांना सांगितलंय की नात पाण्याचं शिकायला चाललीय. तिला काय सांगू, त्यांना माझे फक्त पाय हवे होते?

सुवर्णानं त्या मुलीची माफी मागितली. फोन आला तेव्हाच बोलायला हवं होतं, मी पाऊण तास श्रीखंड वाढत बसले, असं तिनं स्वच्छ सांगितलं. अनयानं तिच्याकडे बघितलं, आणि मग विचारलं की त्या काकांनी मघाशी काय म्हटलं होतं, सगळे हसले ते कशाला. सुवर्णानं तेही सांगितलं. सांगताना जीभ जड झाली. अनया सिंकपाशी जाऊन तोंड धुऊन आली, बाहेर गेली, रवींद्रसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही मघाशी मला जे म्हणालात ते आता इंग्रजीत म्हणा."

रवींद्रला ते म्हणता आलं नाही. पाचच मिनिटांत त्याला आणि त्याच्या बायकोला निघायचं आठवलं.

चारच्या सुमाराला व्हर्लीननं पिकअपची किल्ली काढली. गिरीश मागोमाग निघाला, तर तिनं त्याला शांतपणे सांगितलं की तू बसनं ये, मला आत्ता गाडीत तुझ्याशेजारी साडेपाच तास बसता येणार नाही. तो अंगणातच उभा राहिला. तेवढ्यात बाबा आतून आले. हातात त्यांची छोटी बॅग, पायात चपलांऐवजी बूट. केदारनं विचारलं, कुठं निघालात. बाबा म्हणाले, "माझी पंचाहत्तरी आहे. मला हवं तिथं जेवीन." व्हर्लीननं पुढं होऊन त्यांना हात दिला. अनया मागच्या सीटवर चढली. निळ्या मक्याचा पाव सुवर्णानं मागून घेतला, आणि पिकअप वळून दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहून तुकडा मोडून खाल्ला.

त्या वर्षी पुढं काय झालं ते फारसं सरळ झालं नाही. बाजूला ठेवलेल्या तीन पत्रांपैकी दोघांनी जागा भरल्याचं कळवलं. तिसरं उत्तरेकडचं एक लहान सरकारी कॉलेज होतं. तिथल्या टीमला कुणी ओळखत नव्हतं, आणि धावण्यासाठी शिष्यवृत्तीही नव्हती. पण तिथल्या म्हाताऱ्या कोचनं दोन ओळींचं पत्र पाठवलं, की लॅबच्या दिवशी तू पहाटे साडेपाचला धाव, मी घड्याळ घेऊन उभा राहीन. नवाहो सरकारनं थोडा भार उचलला, थोडा बाबांनी. बाबा चिन्लीलाच राहिले. गिरीशला व्हर्लीननं तीन आठवड्यांनी घरात घेतलं. सुवर्णानं एकदा त्याला फोनवर विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, वहिनी, ती बोलते माझ्याशी, पण मी विचारल्यावरच.

सुवर्णा आणि केदारचंही काही तुटलं नाही. ते जेवायचे एकत्र, इशिताला तिच्या हॉस्टेलवर भेटायला जायचे एकत्र. मात्र नातेवाइकांत काही ठरवायची वेळ आली की सुवर्णा आता "केदारला विचारून सांगते" असं म्हणत नसे.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी अनयाचा फोन आला. आदल्या दिवशी त्यांच्या विभागाची मोठी शर्यत झाली होती. पहिल्या वर्षी ती टीममध्ये सातवी होती, आता पहिली, आणि नव्वद मुलींत अकरावी. सुवर्णानं अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण पलीकडून त्याला दादच मिळाली नाही.

"काकू, अकरावीचं सोड. शेवटच्या मैलात मी मूर्खपणा केला, पुढच्या वेळी नाही करणार. पण फ्लुइड्सच्या मिडटर्मला प्रोफेसरनं मला बी प्लस दिलाय. पाइपातल्या दाबाचं गणित होतं. माझं बरोबर आहे, रीत वेगळी आहे एवढंच. म्हणतो, पुस्तकातल्या रीतीनं केलं नाहीस. उद्या आठ वाजता मी त्याच्या दारात उभी राहणार आहे."

ती पुढं सगळं गणित सांगू लागली, इतक्या तावातावानं की फोनबाहेरही ऐकू यावं. केदार पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली केला. थोडा वेळ ऐकून तो हळूच म्हणाला, "तिला विचार, पाइपाच्या वळणावरचा लॉस धरलाय का. तिथंच घोळ होतो."

सुवर्णानं फोनवर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"तूच विचार," ती म्हणाली. "पण सुरुवात त्या प्रश्नानं नाही करता येणार. आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागेल. तुला माहीत आहे काय ते."

तिनं फोन पुढं केला. केदारनं हात उचलला, अर्ध्यावर आणला, आणि मग तो हात पेपराकडे गेला.

सुवर्णानं फोन परत कानाला लावला. कोण होतं, असं अनया विचारत होती.

"कुणी नाही," सुवर्णा म्हणाली. "बोल तू. उद्या त्या प्रोफेसरला काय सांगणार आहेस ते आधी मला सांग."